घरचं कोटेशन

"धरलंय कुठं, ते सांगा आधी."

आमच्या डिझाइन विभागाच्या प्रमुखांना कुणीही काहीही दाखवलं की त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं. मग ते क्रेनचं ड्रॉइंग असो, की कुणाच्या नव्या घराच्या गॅलरीचा मोबाइलवरचा फोटो. बोलताना ते उजव्या हाताच्या चिमटीत हवेतलंच काहीतरी धरायचे आणि डाव्या हाताच्या बोटानं त्याच्या दुसऱ्या टोकावर दाबून बघायचे. ते हवेतलं काहीतरी वाकलं की टिकलं, हे त्यांच्या भुवयांवरून कळायचं.

मालकांच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हे आमचे प्रमुख मान वर करून मांडवाचं छत बघत होते. शेवटी मांडववाल्याला बाजूला घेऊन विचारलंच, "हा मधला खांब वर धरलाय कुठं?" मांडववाल्यानं निमूटपणे आणखी एक दोरी बांधली. पण ते ऐकून वरमाय जी उठली ती पंगत बसेपर्यंत मांडवाखाली आली नाही. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. अशा माणसाला लग्नाला बोलावलं तरी पंचाईत, आणि नाही बोलावलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

रत्नागिरी शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. होड्या बंदरावर ओढून घ्यायच्या विंच, मासळीचे क्रेट उचलायच्या छोट्या क्रेन, असली कामं. मी तिथं खरेदी बघते. लोखंडातलं मला कळतं ते दरापुरतं आणि वजनापुरतं. प्रमुख मला 'बाई' म्हणायचे. बाकी तरुण मंडळींना सरसकट अरे-तुरे. कालच कामाला लागलेला इंजिनिअर असो की पुण्याहून टाय लावून आलेला विक्रेता, "काय रे, जेवलास का?" हीच सुरुवात. त्यात अपमान नव्हता, उलट ज्याला ते अहो-जाहो करतील त्यानं जरा जपून राहावं असा आमच्याकडे समज होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं. फार पूर्वी आमच्याकडे स्टोअर बघणाऱ्या एका गृहस्थांनी रंगाचं काम आपल्या मेहुण्याला दिलं होतं. खाऱ्या वाऱ्यात तो रंग वर्षभरही टिकला नाही, पापुद्रे सुटले. तेव्हा कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या देखत हे म्हणाले होते, "आपला माणूस दारातून आत घेतला, की तराजू गेलाच म्हणून समजा." वाक्य जमलेलं होतं, त्यामुळे टिकलं. स्टोअरवाले गृहस्थ वर्षभरात कंटाळून नोकरी सोडून गेले. वाक्य मात्र राहिलं, आणि कुणाचा भाचा-पुतण्या कारखान्याच्या फाटकाशी दिसला की कुणीतरी ते म्हणायचंच.

आमचं ड्रॉइंग तयार झालं, की ते भार सोसेल का याचं गणित करायला पुण्याच्या एका सल्लागाराकडे जायचं. तो आपल्या सवडीनं रिपोर्ट पाठवायचा आणि वर दोन चुका काढायचा, त्यातली एक तरी आमची नसायची. यांना त्याचा भारी राग. "आपलं ड्रॉइंग, आपलं लोखंड, बुडाली तर होडी आपली. मग गणित का परक्याचं?" असं ते मालकांना दर वर्षी ऐकवायचे. शेवटी एकदा मालकांनी हात टेकले. "घ्या तुम्ही ते सॉफ्टवेअर. पण कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

ते सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा कॅन्टीनमधल्या घावनावर समजावून सांगितलं होतं. लोखंडाचा एखादा भाग बनवायच्या आधीच कॉम्प्युटरवर त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो त्याचं गणित कॉम्प्युटर करतो आणि मग त्या भागाचं रंगीत चित्र दाखवतो. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे इथं तुटायचं भय. सांगता सांगता त्यांनी घावनाचे इतके तुकडे केले की मला ते चमच्यानं खावं लागलं.

तीन कंपन्यांची कोटेशनं मागवायची, हा आमचा नियम. मी तिघांना बोलावलं. पण यांनी तिघांसाठी एकच परीक्षा काढून ठेवली होती. आमच्या होड्या ओढायच्या विंचचं ड्रॉइंग द्यायचं, त्यावर दोरीचा भार दाखवायचा, पण ती विंच जमिनीला कुठं पक्की केली आहे ते मुद्दाम सांगायचं नाही. "धरलंच नाही, तर गणित होणारच नाही. ओढलं की विंच गेली दोरीबरोबर समुद्रात. चांगलं सॉफ्टवेअर तिथंच थांबलं पाहिजे आणि मला विचारलं पाहिजे."

पहिल्या कंपनीचा पोरगा चटपटीत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानं पटापट बटणं दाबली आणि पडद्यावर मोरपिशी रंगाची विंच झळकली. "सेफ आहे सर, एकदम सेफ."

"सुंदर," हे म्हणाले. "पण अरे, मी ती धरलीच नाहीये कुठं. हवेत आहे ती."

पोरगा जरा गडबडला. "सर, आमचं सॉफ्टवेअर ते आपोआप सांभाळून घेतं."

"काय सांभाळून घेतलं, ते मला सांगायला नको? उद्या होडीवाल्याला मी काय सांगू, आपोआप गेली म्हणून?"

शिवाय त्या सॉफ्टवेअरला सतत इंटरनेट लागायचं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट म्हणजे लांबचा पाहुणा, आला तर आला. पोरगा नापास झाला. पण दुपारी त्याला स्कूटरवर मागं बसवून हे स्वतः बंदराजवळच्या खाणावळीत घेऊन गेले आणि सुरमई खाऊ घालून परत आणला. नापास झालेल्याला उपाशी पाठवू नये, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनंही उत्तर दिलंच, पण चित्राच्या खाली अगदी बारीक अक्षरांत एक इशारा लिहिला होता. "निदान तोंडातल्या तोंडात का होईना, पुटपुटलं तरी," हे म्हणाले. त्याला काठावर पास केलं. त्यालाही सुरमई.

तिसऱ्या कंपनीचा माणूस यायचा त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटलं, संध्याकाळी कुठं कार्यक्रम असेल.

दहाच्या सुमाराला एक सडसडीत मुलगा लॅपटॉपची बॅग घेऊन आत आला आणि त्यानं मला कार्ड दिलं. मी आडनाव वाचलं आणि वर बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तेच कपाळ, तेच जरा पुढं आलेले कान. यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे एवढं माहीत होतं, कुठल्या कंपनीत ते मी कधी विचारलं नव्हतं. मी हसून "अय्या, म्हणजे तू..." म्हणेपर्यंत समोरून आवाज आला.

"बसा. तुम्ही सुरू करा."

'तुम्ही' म्हणाले. आमचे वेल्डिंगचे फोरमन, विंचचे जाणकार म्हणून शेजारी बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलानं मात्र मान खाली घालून "हो सर" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.

त्यानं विंचचं ड्रॉइंग घेतलं, भार टाकला, बटण दाबलं. सॉफ्टवेअर थांबलं. रंगीत चित्र नाही की काही नाही. हा भाग कुठंच धरलेला नाही, असं पडद्यावर स्वच्छ आलं आणि विंच कुठल्या दिशेनं मोकळी सरकतेय तेही त्यानं हलवून दाखवलं. मी यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर टेबलावर होती. परीक्षा तिथं संपायला हवी होती.

पण मुलगा थांबला नाही. "सर, ही खाली बोल्टनं बसते ना? एक विचारू? आजवर गणित करताना तुम्ही अख्खा तळ पक्का धरून करत असाल."

"हो. सगळे तसंच करतात."

"तसं नको. बोल्ट आहेत तेवढ्याच जागी धरून बघू." त्यानं तसं केलं, पुन्हा बटण दाबलं आणि हालचाल मोठी करून दाखवली. दोरी ओढली जाताच विंचच्या तळाची मागची कड जमिनीवरून हळूच उचलली गेली. मलासुद्धा दिसली.

"त्याच अंगाचे बोल्ट ढिले व्हतात वो," फोरमन एकदम म्हणाले. "दर खेपेला जाऊन आवळून येतोय आमी."

मुलगा यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हे पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. पुढं चला."

दुपारी त्यांनी डबा आपल्या टेबलावरच उघडला. सुरमईचं नाव नाही. मुलगा माझ्यासोबत कॅन्टीनमध्ये जेवला. मी म्हटलं, "घरी नाही का जायचं जेवायला? आई वाट बघत असेल." त्यावर तो म्हणाला, "आईला मी रत्नागिरीत आलोय हे माहीतच नाही. काल रात्री लॉजवर उतरलो. बाबा म्हणाले, कंपनीच्या कामाला येतोयस, कंपनीसारखा राहा. घरातून निघून कारखान्यात आलास तर लोक काय म्हणतील?" हे सांगताना तो चिडलेला नव्हता. उलट जरा हसला. मग त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, बाबा काही म्हणाले का? डेमोबद्दल?"

अजून काही म्हणाले नाहीत, असं मी सांगितलं. तो गेल्यावर फोरमन माझ्या टेबलाशी आले. "सोताच्या पोराला कोन असा 'तुम्ही' म्हनतो काय वो बाई?"

दोन दिवसांनी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "मग, काय ठरलं?"

"दुसऱ्या कंपनीचं घ्यावं," हे म्हणाले.

"का? फोरमन तर तिसऱ्याचं कौतुक सांगत होते."

"तिसऱ्यांचं सेवा केंद्र लांब आहे."

माझ्या हातात तिन्ही कोटेशनं होती. तिन्ही सेवा केंद्रं पुण्यातच होती. मी तोंड उघडायच्या आत मालकच हसले. "मुलगा आहे म्हणून नको म्हणताय ना? अहो, मला चालतंय. मी मालक आहे, मी सांगतोय. घ्या खुशाल."

"मला चालत नाही." ते एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला चालेल हो. पण उद्या कॅन्टीनमध्ये काय बोललं जाईल, ते मला आत्ताच ऐकू येतंय. ते मीच बोललेलो आहे."

मालकांनी खांदे उडवले. दुसऱ्या कंपनीला ऑर्डर गेली. ती मीच पाठवली, आणि बाकी दोघांना नकाराची ईमेलही मीच. मुलाचं लगेच उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल आभार.' एवढंच.

मला त्यांचा त्या दिवशी राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा लोकांना दिसावा असं वाटायला लागलं, की त्याची किंमत घरच्यांनाच मोजावी लागते. त्यांनी लबाडी केली असती तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस खोटं बोलला ते स्वतःच्या मुलाविरुद्ध, आणि तेही खरेपणाच्या नावाखाली.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही मनात काय म्हणताय ते मला कळतंय. सगळ्यात चांगलं कुठलं होतं, ते मलाही माहीत आहे. पण ते तुम्ही त्याला सांगायचं नाही. मी सांगेन. जरा धुरळा बसू दे."

धुरळा काही बसेना. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी विंचच्या तळाचं ड्रॉइंग बदललं. मागची कड लांब केली, तिथं जाड पट्टी घेतली. बंदरावरच्या नव्या विंचचे बोल्ट आता ढिले होत नाहीत, असं फोरमन सांगतात. ड्रॉइंग का बदललं, हे यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला तिघांना ते माहीत होतं. चौथ्याला, ज्याला कळायला हवं होतं, त्यालाच माहीत नव्हतं.

मुलानं आपल्या कंपनीला सांगून कोकणाचं काम सोडलं आणि दुसरा भाग मागून घेतला. त्या वर्षी गणपतीला आला, पण विसर्जनाला थांबला नाही. फोन करायचा तो आईला. बाबा बाजूला आहेत का, देऊ का, असं आईनं विचारलं की 'नंतर बोलतो' म्हणायचा. हे मला वहिनींनीच, म्हणजे त्याच्या आईनंच सांगितलं, एकदा बाजारात भेटल्या तेव्हा. "दोघांचं काही बिनसलंय का हो ऑफिसात? मला कुणी काही सांगत नाही," असं त्या विचारत होत्या, आणि मी कोथिंबिरीची जुडी उगीच उलटीपालटी करत राहिले.

इकडे नव्या सॉफ्टवेअरशी यांचं कधी जमलं नाही. प्रत्येक उत्तर ते हातानं ताडून बघायचे. ताडलेलं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, तरी समाधान नाही. एखाद्या ज्युनियरनं उत्साहानं लालनिळं चित्र दाखवलं तर म्हणायचे, "चित्र छान आहे रे. पण हे विचारत नाही कधी काही." मग खिडकीबाहेर बघत बसायचे. मी मुद्दाम विचारायची, "बोललात का मुलाशी?" ठरलेलं उत्तर यायचं. फोनवर नको, समोरासमोर बरं. शिमग्याला येईल तेव्हा. शिमग्याला तो आला नाही. मग मे महिन्यात. मे महिन्यात आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. इंच-इंच तपासून लोखंड कापणारा माणूस, पण चार शब्द बोलायला त्याला योग्य जागा सापडेना.

त्यातच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मालकांनी भाषणात ते तराजूचं वाक्य कौतुकानं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी नारळ हातात घेतला आणि बोलायला उभे राहिले, पण "सगळ्यांचे आभार" म्हणून लगेच खाली बसले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर एकदा कारखान्यात आले होते. वहिनींनी वाळवलेली आमसुलं माझ्यासाठी आणली होती. स्टुलावर बसले. वाळले होते जरा. मी काही विचारायच्या आत आपणहून म्हणाले, "बाई, आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो. त्या दिवशी कुणीतरी मला शिकवत होतं. त्या पडद्यावर तळाची कड उचलली गेली ना, तेव्हा मला इतका आनंद झाला होता, की उठावं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा. म्हणावं, शाब्बास रे." मग म्हणाले, "आणि मी काय म्हणालो, तर पुढं चला. आता गणपतीत येईल, तेव्हा सांगतोच. एवढं सांगितलं की मी मोकळा."

श्रावणात ते गेले. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले होते, तिथंच. वहिनी कप न्यायला आल्या तेव्हा कळलं.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा पुण्याला परत जाताना कारखान्यात आला. तुम्ही सगळे धावून आलात, म्हणून भेटून जातो, म्हणाला. मी त्याला त्याच स्टुलावर बसवलं. आता न सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. सेवा केंद्राचं, मालकांशी झालेल्या बोलण्याचं, तळाचं ड्रॉइंग बदलल्याचं, आणि पाठीवर ठेवायच्या राहिलेल्या हाताचं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "ऑर्डर गेल्याचं मला काही नव्हतं हो मॅडम. नकार तर रोजच येतात. मला वाटलं, माझं काम त्यांना आवडलं नाही. अजून कधीकधी तो डेमो मी मनात पहिल्यापासून करून बघतो. कुठं चुकलं, ते शोधत बसतो."

"काहीच चुकलं नव्हतं," मी म्हटलं.

"पाठीवर हात ठेवावा असं त्यांना कधी वाटलं म्हणाले? तळ उचलला गेला, तेव्हाच ना?"

"तेव्हाच."

त्यानं मान हलवली. बॅग खांद्याला लावली, पण उठला नाही.

"तेव्हा मी त्यांच्याच तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "मला काहीच दिसलं नाही हो."